साइडकार ओढण्यासाठी जुनी मोटारसायकल कोणती घ्यावी?

कास्तकार_दारव्हा

नमस्कार. आमचे गाव दारव्ह्यापासून ११ किलोमीटरवर असून त्यातला शेवटचा अडीच किलोमीटरचा भाग पांदण रस्त्याचा, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेचा आहे. निम्म्या पांदणीवर मागच्या वर्षी मुरूम पडला आहे, उरलेली अजून काळ्या मातीचीच आहे. आईचे वय ७४ वर्षे आहे आणि तिचे दोन्ही गुडघे गेल्यामुळे मोटारसायकलवर मागे बसणे तिला आता शक्य नाही. तिला महिन्यातून दोनदा दारव्ह्याला आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे लागते. चारचाकी घेण्याची ऐपत नाही, आणि प्रत्येक वेळी ऑटो ठरवायचा तर तो वेळेवर येईलच याची खात्री नसते. म्हणून एखादी जुनी, दणकट मोटारसायकल घेऊन तिला साइडकार जोडावी, असे मनात आहे. आईला नेण्याव्यतिरिक्त आठवडी बाजारासाठी भाजीची दोन-तीन पोती नेता आली, तर गाडीचा खर्चही थोडा भरून निघेल.

सध्या चार गाड्या डोळ्यांसमोर आहेत. दिग्रसला १९९४ ची बुलेट ३५० आहे आणि मालक ९५,००० रुपये सांगतो. १९८८ ची येझदी रोडकिंग ६०,००० ला मिळते. तिला नवा रंग मारलेला असून दिसायला ती चौघींत देखणी आहे. आमच्याच गावात एक डिझेल बुलेट आहे, तिचे ५५,००० सांगतात आणि डिझेलचा खर्च ऐकून मन तिच्याकडेच ओढ घेते. चौथी म्हणजे मामांची राजदूत, जी मला फुकट मिळेल. साइडकारसह सगळा खर्च दीड लाखाच्या आत बसवायचा आहे. मी आजवर शंभर सीसीच्या गाडीपलीकडे काही चालवलेले नाही, त्यामुळे कोणती गाडी घ्यावी यासोबतच ती घेताना नेमके काय तपासावे, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

आर्वीचा_मिस्त्री

भाऊ, मी आर्वीला गेली २८ वर्षे दुचाकींची कामे करतो. या काळात साइडकारच्या पाच गाड्या माझ्या हातून गेल्या. त्यांतल्या दोन मी स्वतः जोडल्या आणि त्यातली पहिली चुकीची जोडली होती, हे आधीच सांगून टाकतो.

प्रथम ओझ्याचा हिशेब करा. जुन्या बुलेटचे वजन सुमारे १६३ किलो, तुम्ही ७० धरा, साधी साइडकार सांगाड्यासह ८० ते १०० किलो भरते, आणि आई व तिची पिशवी मिळून ६०. म्हणजे पावणेचारशे किलोच्या पुढे गेलात, आणि यात भाजीचे एकही पोते अजून आलेले नाही. हे ओझे जागेवरून हलवायला जो जोर लागतो, तो इंजिन कमी फेऱ्यांवर फिरत असतानाच मिळाला पाहिजे; इंजिन किंचाळवून मिळवलेली ताकद इथे कामाची नाही, कारण तसे केले की क्लच जळतो. शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा बैल वेगळा आणि नांगराचा वेगळा, हे तुम्हाला मी सांगायला नको. गावोगावी अजून मिरवणारी यामाहाची आरएक्स १०० मला फार आवडते, पण ती शंकरपटाची.

या कसोटीवर तुमच्या चार गाड्या पाहू. राजदूतचे इंजिन १७३ सीसीचे, टू-स्ट्रोक आणि तीन गिअरचे आहे. दुधाचे कॅन वाहून या गाडीने आपल्याकडे अनेक संसार चालवले, परंतु साइडकारसह चढावर ती पहिल्या गिअरमध्ये रडत चढेल आणि दुसऱ्यात दम सोडेल. गंमत अशी की जुन्या राजदूतला पुढचे चाक धरणारा जो लीडिंग लिंक (आखूड दांड्यांचा) पद्धतीचा चिमटा येत असे, तो साइडकारसाठी साध्या टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणाऱ्या) चिमट्यापेक्षा चांगला मानला जातो, कारण तो आडव्या जोराने सहसा पिळवटत नाही. चिमटा योग्य आणि इंजिन अपुरे, असा तिचा योग आहे. मामांना नमस्कार सांगा आणि ती शेतातल्या फेऱ्यांसाठी ठेवा.

डिझेल बुलेटचा मोह मला समजतो. तिचे इंजिन ३२५ सीसीचे असले तरी ताकद मात्र साडेसहा अश्वशक्तीच्या आसपास आहे. एकटा माणूस, सरळ रस्ता आणि घाई नसलेला दिवस, एवढ्यासाठी ती गाडी उत्तम. दारव्हा ते यवतमाळ रस्त्याला चढउतार आहेत. तिथे साइडकारसह मागून ट्रक येत असताना तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये अडकून पडाल. शिवाय तिचे हादरे इतके असतात की साइडकारचे बोल्ट दर आठवड्याला आवळावे लागतील, आणि त्या हादऱ्यांत तुमच्या आईचे गुडघे आहेत, हे विसरू नका.

राहिली पेट्रोल बुलेट. ३४६ सीसी, सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर; म्हणजे पिस्टनचा पल्ला लांब आणि आत जड फ्लायव्हील. ताकद कागदावर १८ अश्वशक्तीच आहे, पण ती खालच्या फेऱ्यांवर हाताशी येते. माझे मत तिच्या बाजूने आहे. मात्र ‘बुलेट घ्या’ एवढे सांगून मी थांबलो तर तुमचे नुकसान करीन, कारण वीस-तीस वर्षांच्या गाडीत नावापेक्षा ती विशिष्ट गाडी कशी वापरली गेली, यालाच महत्त्व असते. चांगली राखलेली आणि मारझोड केलेली, या दोन बुलेट म्हणजे दोन वेगळ्या जातीच्या गाड्या समजाव्यात.

दिग्रसला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की इंजिन गार असू द्या. गाडी आधीच गरम करून ठेवलेली दिसली तर समजा, काहीतरी लपवले आहे. सुरू झाल्यावर पाच मिनिटे नुसते ऐकत उभे राहा. व्हॉल्व्हची टकटक या इंजिनाला असतेच, तिची भीती नको. पण थ्रॉटल अचानक सोडल्यावर खालून, पोटातून ठोक्यासारखा जड आवाज आला तर बिग एंड गेलेला आहे. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नसून तरंगता बुश असतो. स्वच्छ ऑइल मिळत राहिले तर तो वर्षानुवर्षे टिकतो आणि काळ्या, पातळ ऑइलवर चालवला तर साइडकारच्या ओझ्याखाली फार काळ तग धरत नाही. म्हणून ऑइल बोटांवर घेऊन चोळून पाहा. चकचकीत कण दिसले तर परत फिरा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या गाडीच्या चेसिसला इंजिनाखालून जाणारी नळी नाही. पुढची उभी नळी इंजिनापाशी येऊन संपते आणि तिथून मागपर्यंत इंजिन स्वतःच चेसिसचा भाग होऊन जोर सहन करते. साइडकार जोडल्यावर आडवे ओढ-धक्के याच जागी येतात. तेव्हा टाकी काढून हँडलच्या नळीजवळचे सांधे पाहा, इंजिन धरणाऱ्या पट्ट्यांची भोके लांबट झाली आहेत का ते पाहा, आणि कुठे नव्या वेल्डिंगवर ताजा रंग दिसला तर त्याचे कारण विचारा. मागचे चाक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवा. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या चौकटीच्या बुशमध्ये खेळ असेल तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा. स्पोक एकेक करून नखाने वाजवा. दुचाकीच्या चाकाला आडवा जोर जवळजवळ नसतो, कारण गाडी वळणावर झुकते. साइडकारची गाडी झुकत नाही आणि तो सगळा जोर स्पोकवर येतो.

एक खर्च आताच मनात धरा. मागचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचे दातेरी चाक, या बुलेटला ब्रेकड्रमसोबतच एकसंध येते, त्यामुळे ते बदलणे महागात पडते. गिअरबॉक्सचे पुढचे लहान स्प्रॉकेट मात्र सहज बदलता येते. सोळा दातांऐवजी पंधरा दातांचे बसवले तर ओढण्याचा जोर सुमारे ६-७ टक्क्यांनी वाढतो आणि जवळपास तेवढाच वेग कमी होतो. ताशी ५० च्या पुढे साइडकार हाकण्याचा तुमचा विचार नसावा, असे मी गृहीत धरतो.

येझदीवाला_परतवाडा

मिस्त्रींनी येझदीला बोलण्यातून वगळले, म्हणून लिहितो. मी ही गाडी ३१ वर्षे बाळगून आहे आणि तिच्यावर माझा जीव आहे, तरीही तुम्ही ती घेऊ नये असेच सांगेन. येझदी बनवणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. सुटे भाग आजही मिळतात, पण त्यांतला अस्सल कोणता आणि नकली कोणता, हे ओळखायलाच अर्धे आयुष्य जाते. युरोपात जावाला साइडकार जोडण्याची जुनी परंपरा आहे. चेकोस्लोव्हाकियात व्हेलोरेक्स कंपनीच्या साइडकारी याच गाड्यांना लागत. परंतु त्या बहुतेक ३५० सीसीच्या दोन सिलिंडरच्या गाड्यांना असत आणि आपल्याकडची रोडकिंग २५० ची एकाच सिलिंडरची आहे. तिच्या १६ अश्वशक्ती कागदावर बुलेटच्या जवळ दिसतात खऱ्या, पण त्या मिळवायला इंजिन फिरते ठेवावे लागते.

मुख्य अडचण उताराची आहे. येझदीसारख्या टू-स्ट्रोक गाडीला थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा ब्रेक जवळजवळ लागत नाही. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना मी एकटा असलो तरी ड्रमब्रेक तापून वास येऊ लागतो. पावणेचारशे किलो घेऊन तसे उतरण्याची कल्पनाही मला करवत नाही. त्यात आणखी भर म्हणजे थ्रॉटल बंद करून लांब उतार उतरताना पेट्रोलसोबत येणारे ऑइलही इंजिनाला कमी मिळते. तुमच्या रस्त्यावर घाट नसेल, पण म्हणून ६०,००० रुपये नव्या रंगासाठी देऊ नका.

वरुडची_लेक

दादा, वरचे सगळे उत्तर चालवणाऱ्याच्या बाजूने आले आहे. मी बसणाऱ्याच्या बाजूने लिहिते, कारण माझे लहानपण वडिलांच्या साइडकारमध्ये, संत्र्यांच्या पेट्यांच्या शेजारी गेले.

सिनेमात दिसते तशी होडीसारखी बंद साइडकार कृपया बनवू नका. तिच्यात शिरताना काठ ओलांडून पाय आत टाकावा लागतो, मग गुडघे पूर्ण दुमडून खाली बसावे लागते आणि उतरताना तर दोन माणसांनी काखेत हात घालून उचलावे लागते. माझ्या आजीला तिचा इतका धसका बसला होता की शेवटची दोन वर्षे ती बैलबंडीतूनच जायची. तुमच्या आईसाठी सांगाड्यावर सपाट प्लॅटफॉर्म, त्यावर खुर्चीच्या उंचीची, पाठ आणि दोन्ही हात असलेली बैठक, आणि डाव्या बाजूने पूर्ण उघडे असे काम करून घ्या. आपल्याकडे साइडकार डावीकडे असते, म्हणजे चढणे-उतरणे रस्त्याच्या कडेलाच होते, ही सोयीची गोष्ट आहे. पायरी जमिनीपासून वीतभरच उंच असावी आणि बाजाराच्या दिवशी बैठक चार बोल्ट काढून उचलता आली पाहिजे, म्हणजे त्याच प्लॅटफॉर्मवर पोती राहतील. वर ताडपत्रीचे छत हवे. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि चालवणाऱ्याला निदान समोरून वारा लागतो, बसणाऱ्याला खालून रस्त्याची आणि बाजूने सायलेन्सरची धग लागते. सायलेन्सर बुलेटला कोणत्या बाजूने जातो ते पाहून मधे पत्र्याचा आडोसा करा.

दुसरी गोष्ट पांदणीची. तुम्ही दोन चाकांची चाकोरी पाहिली असेल; साइडकारच्या गाडीचा पुढचा आणि मागचा चाक एका रेषेत आणि साइडकारचे चाक दुसऱ्या रेषेत, म्हणजे तिचीही एक चाकोरीच असते. पांदणीवर ट्रॅक्टरने आणि बंड्यांनी जे खोल चर पाडलेले असतात, त्यांच्या रुंदीशी तुमच्या गाडीची रुंदी जुळली नाही, तर साइडकारचे चाक मधल्या उंचवट्यावर चढते आणि सगळी गाडी सतत एका अंगावर कलून चालते. वडिलांनी सांगाडा बनवण्याआधी टेपने आमच्या पांदणीची चाकोरी मोजली होती. तेव्हा लोक हसले होते. तुम्हीही मोजा, फारच रुंद असेल तर तेवढी साइडकार बनवू नका, तशी गाडी वळवताना हात भरून येतात, पण निदान कोणत्या बाजूने चालायचे हे तरी ठरवता येईल.

आणि ओल्या काळ्या मातीत साइडकारही अडकते, हे गृहीत धरा. ओढणारे चाक एकच असते, उलट अडकायला तीन चाके असतात. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन बीएमडब्ल्यू आर ७५ मध्ये साइडकारच्या चाकालाही इंजिनाचा जोर दिलेला होता तो याचसाठी. आपल्या बुलेटला ते सुख नाही. मडगार्ड आणि चाक यांच्यात चार बोटे अंतर ठेवा, नाहीतर चिखल भरून चाक फिरायचेच थांबते आणि मग काडीने कोरत बसावे लागते.

हिंगणघाट_३५०

मी सर्वांशी सहमत आहे, फक्त १९९४ च्या मॉडेलशी नाही. २०१० नंतर आलेल्या ट्विनस्पार्क (दोन स्पार्क प्लगच्या) इंजिनाच्या बुलेट आणि इलेक्ट्रा आता बऱ्यापैकी जुन्या झाल्या असून त्या तुमच्या आवाक्याच्या जवळ येत आहेत. इंजिन तेवढेच, ३४६ सीसी, पण जोर ४,००० फेऱ्यांवर २८ न्यूटन-मीटर, पाच गिअर, गिअरची दांडी डाव्या पायाकडे आणि बऱ्याच गाड्यांना बटणाने सुरू होण्याची सोय. शंभर सीसीच्या गाडीवरून येणाऱ्या माणसाला उजव्या पायाने गिअर आणि डाव्याने ब्रेक शिकणे, तेही साइडकारसोबत, हे मला धोक्याचे वाटते. ऐनवेळी पाय चुकतो.

आर्वीचा_मिस्त्री

पायाचा मुद्दा खरा आहे आणि तो माझ्या लक्षात यायला हवा होता. तरीही मी जुन्याच इंजिनाच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो. जुन्या बुलेटमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे असतात, त्यामुळे एक बिघडले तर दुसरे उघडावे लागत नाही. आणि तिचे काम करणारा माणूस दिग्रस, दारव्हा, नेर अशा कुठल्याही गावी सापडतो. ट्विनस्पार्क चांगलीच आहे, परंतु तिचे काम सहसा यवतमाळ किंवा अमरावतीपर्यंत न्यावे लागेल. भाऊंनी दोन्ही पाहाव्यात, आणि ज्या गाडीची चेसिस निर्दोष असेल ती घ्यावी. साल पाहून निर्णय करू नये.

निवृत्त_लिपिक

मी परिवहन खात्यात नोकरी केलेली असल्यामुळे कागदपत्रांपुरते लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २ मध्ये मोटारसायकलची जी व्याख्या आहे, तिच्यात वेगळी काढता येणारी, जादा चाकाची साइडकार जोडलेली दुचाकीही मोडते. म्हणजे साइडकार जोडल्याने तुमची गाडी कायद्याच्या दृष्टीने ऑटोरिक्षा होत नाही. परंतु ‘वेगळी काढता येणारी’ हे शब्द लक्षात ठेवून सांगाडा चेसिसला वेल्ड करू नका. बोल्ट आणि क्लॅम्पनेच जोडा. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी करण्यावर बंधन आहे, तेव्हा साइडकारला मान्यता मिळेल का हे नोंदणी प्राधिकाऱ्याला आधी विचारा. पैसे देण्यापूर्वी यवतमाळच्या कार्यालयात सांगाड्याचे रेखाचित्र घेऊन एकदा जाऊन या आणि मान्यता लेखी घ्या. ‘इथे कोण विचारतो’ असे सांगणारे गॅरेजवाले अपघाताच्या पंचनाम्याच्या वेळी सोबत नसतात.

खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते आणि पुढे तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. तुम्ही पाहत असलेल्या सर्व गाड्या त्या मुदतीपलीकडच्या आहेत, तेव्हा नूतनीकरण झालेले आहे का आणि ते कधीपर्यंत आहे, हे पुस्तकात पाहा. चेसिस व इंजिनाचे क्रमांक स्वतः कागदावर पेन्सिलीने घासून उतरवून घ्या. इंजिन बदललेले असेल आणि पुस्तकात नोंद नसेल, तर गाडी कितीही गोड वाटली तरी सोडून द्या. हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही व्यवहाराच्या दिवशीच घ्या. नंतर ते फोन उचलत नाहीत. साइडकारची माहिती विमा कंपनीलाही लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा.

कास्तकार_दारव्हा

सर्वांचे आभार. काल दिग्रसला जाऊन आलो. मिस्त्रीकाकांनी सांगितल्याप्रमाणे गाडी गार ठेवायला सांगितले होते, तरी आम्ही पोहोचलो तेव्हा सायलेन्सर कोमट होता. टाकी काढू देण्यास मालक तयार नव्हता. बराच आग्रह केल्यावर काढली, तेव्हा हँडलच्या नळीखाली वेल्डिंगचा जाड गोळा आणि त्यावर नवा काळा रंग दिसला. मालक म्हणाला, कंपनीचेच आहे. मी चहा पिऊन परत आलो.

परतताना नेरला थांबलो. तिथे एका निवृत्त शिक्षकांकडे १९९८ ची बुलेट आहे, ८२,००० सांगतात. रंग उडालेला आहे आणि बैठकीला उंदरांनी कुरतडले आहे, पण चेसिसवर कुठेही ठिगळ नाही, क्रमांक पुस्तकाशी जुळतात आणि नूतनीकरणाची मुदत अजून शिल्लक आहे. थ्रॉटल सोडल्यावर पोटातला तो ठोका आला नाही. ऑइल मात्र काळेकुट्ट होते. वरुडच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आमची पांदणही मोजली. दोन चरांच्या मध्यांतले अंतर सव्वाचार फूट भरले. आईला खुर्चीच्या बैठकीचे सांगितले, तेव्हा ती म्हणाली की छताला झालर लावशील तरच बसेन. हिंगणघाटच्या भाऊंच्या सल्ल्यावर विचार केला आणि ट्विनस्पार्क एक पाहिलीही, परंतु तिची किंमत साइडकारला काही उरू देत नाही. पायांचा सराव मी महिनाभर एकट्याने करीन. आता फक्त जोडणीचे मोजमाप सांगावे.

आर्वीचा_मिस्त्री

ऑइल बदलून ५०० किलोमीटर एकट्याने चालवा, पुन्हा बदला, आणि मगच सांगाडा जोडा. तोवर पायही बसेल.

सव्वाचार फुटांचा मोह धरू नका. मोटारसायकलच्या मधोमधपासून साइडकारच्या चाकापर्यंत पावणेचार फुटांच्या आसपास ठेवा; पांदणीवर साइडकारचे चाक डाव्या चरात आणि मोटारसायकल मधल्या उंचवट्याच्या कडेला, असे चालेल. साइडकारचे चाक मागच्या चाकाच्या बरोबर रेषेत नसावे, त्याच्या सहा-सात इंच पुढे असावे. मी पहिल्यांदा चुकलो होतो ते इथेच, आणि ती गाडी उजव्या वळणावर नाक टेकायला पाहायची. जोडणीच्या जागा चार ठेवा, दोन खाली आणि दोन वर. खालच्या दोन जागांसाठी इंजिनाखालून पुढून मागे जाणारी जाड पट्टीची जोडचौकट आधी बनवून घ्या, म्हणजे चेसिसला नसलेली खालची नळी तुम्ही स्वतः दिल्यासारखे होते.

दोन्ही बाजूंच्या चाकांना सरळ लाकडी फळ्या टेकवा आणि पुढे व मागे दोन फळ्यांमधले अंतर मोजा. पुढचे अंतर मागच्यापेक्षा १५ ते २० मिलिमीटर कमी असावे. मग आई बसते तेवढे वजन साइडकारमध्ये ठेवून गवंड्याचा ओळंबा हँडलवरून सोडा. मोटारसायकल साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे एक-दोन अंश कललेली हवी. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाने गाडी स्थिरपणे डावीकडे ओढत असेल तर हा कल थोडा वाढवा, उजवीकडे ओढत असेल तर कमी करा. थ्रॉटल दिल्यावर डावीकडे आणि ब्रेक दाबल्यावर उजवीकडे ओढ जाणवेलच, तो दोष समजू नका. पण उजवीकडे समोरून वाहने येत असतात, म्हणून शक्य असल्यास साइडकारच्या चाकालाही ब्रेक द्या आणि तो मागच्या पेडललाच जोडा.

शिकताना साइडकार रिकामी ठेवू नका. डाव्या वळणावर रिकामी साइडकार हवेत उचलली जाते आणि नवखा माणूस घाबरून हँडल सरळ करतो, मग गाडी सरळ समोरच्या बाजूला जाते. सिमेंटची एक गोणी, ५० किलोची, बांधून ठेवा. सराव वावरात करू नका. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला पडलेल्या भेगांत चाक अडकते. शाळेचे मैदान सुटीच्या दिवशी मागून घ्या आणि आठच्या आकड्यात फिरा, आधी उजवी वळणे, मग डावी.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा, त्यानंतर तीनशेनंतर. नटांना दुसरा नट लावून लॉक करा आणि प्रत्येक नटावरून चेसिसपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते, पाना हातात घ्यायची गरज पडत नाही. झालरीचे काम माझ्याकडे होत नाही, ते दारव्ह्याच्या शिंप्याकडून करून घ्या.